फायबर म्हणे फायबर!

मंडळी, मी मराठी माध्यमातला बी.ए., जन्मभर इतिहास शिकवलेला मास्तर. कारखानदारीवर मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. पण परवा गच्चीवर गेलो आणि रात्रभर हात खाजवत बसलो, म्हणून हा प्रपंच!

झालं असं, की काही वर्षांपूर्वी गच्चीवर फायबरचे पत्रे टाकले होते. दुकानदार म्हणाला, "सर, लोखंड गंजतं. फायबरला काऽही होत नाही. जन्माचं काम!" आता मराठवाड्याचं ऊन ते! पत्रे पिवळे पडले, वरचा थर उडाला आणि आतली काच उघडी पडली. हात लावला की कुसळं टोचतात.

वाळूजला नोकरी करणारा नातू म्हणतो, "आजोबा, कार्बन फायबर घ्यायचं होतं." इथेच माझं डोकं फिरलं. अरे, खराब झाला तो धागा नव्हे, त्याला धरून ठेवणारा रेझिन! धागा बदलून काय होणार? उघड्यावर ठेवलं तर कार्बनभोवतीचं इपॉक्सीसुद्धा उन्हाने पिवळं पडतं, भुकटी सोडतं. वरून रंगाचा किंवा जेलकोटचा थर लागतोच.

आपल्या आज्यांना हे कळत होतं. कणगीला ताकद बांबूची, पण धान्य राखायचं काम शेणमातीच्या लिंपणाचं. लिंपण गेलं की कणगी ही नुसती टोपली. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्याच्या मातीत भांगेचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. धागा आणि धरणारा, दोघांचा विचार त्या कारागिरांनी केला. आपण मात्र अर्ध्याच वस्तूचं नाव घेतो - फायबर!

नातवालाच कामाला लावून जे समजलं ते सांगतो. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, पण घट्ट होताना जास्त आकसतो. विनाइल एस्टर महाग, पण पाणी आणि रसायनं बरी सोसतो. इपॉक्सी कमी आकसतो, धाग्याला घट्ट धरतो, पण उन्हाला भितो. म्हणजे आम्लाच्या टाकीला जो चालेल तो गाडीच्या भागाला परवडेलच असं नाही. "सगळ्यात चांगला कोणता?" हा प्रश्नच चुकीचा. "कुठे वापरायचा?" हा खरा प्रश्न.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. हे तिन्ही रेझिन भाजलेल्या भाकरीसारखे. भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. नायलॉन मात्र गुळासारखं, तापवलं की वितळतं, पुन्हा साच्यात घालता येतं. काचेचे बारीक तुकडे घातलेल्या नायलॉनचे भाग साच्यातून झटपट निघतात. ताकद लांब धाग्याइतकी नाही, शिवाय नायलॉन ओलावा शोषतं, हेही खरं. पण मोडल्यावर त्याची काही वाट लावता येते. माझे पत्रे भंगारवाल्याने नेले नाहीत. लोखंडाचे हसत नेले असते, वर पैसे दिले असते!

नातू म्हणतो, "वजन कमी, गंज नाही, हवा तो आकार." मान्य, बाबा! मी काही बैलगाडीकडे परत चला म्हणत नाही. पण ज्या वस्तूचा शेवट उकिरड्यावर आहे, तिला "जन्माचं काम" म्हणून विकू नका. आमच्या शहरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एवढ्या वसाहती. प्लास्टिकचं शिक्षण देणारी सिपेट इथेच, इंडो-जर्मन टूल रूमही इथेच. अशा गावात तरी गिऱ्हाइकाने तीन प्रश्न विचारावेत: रेझिन कोणता? उन्हापासून संरक्षण काय? मोडल्यावर परत कोण नेणार? दुकानदार गप्प बसला तर आपण पैशाचं पाकीट पुन्हा खिशात ठेवावं.

असो. पत्रे अजून गच्चीच्या कोपऱ्यात उभे आहेत. कोणाला त्यांचा काही उपयोग सुचला तर जरूर कळवा. नेताना हातमोजे मात्र घालून या!