जुना सर्व्हर व नवीं ठिगळें

शाळेच्या कचेरींत एका कोपऱ्यास जो संगणक रात्रंदिवस चालू असतो, त्याकडे विद्यार्थ्यांचें सहसा लक्ष जात नाहीं. त्यास सर्व्हर म्हणतात. मुलांचे गुण, हजेरी, जन्मतारखा, फीच्या पावत्या, पालकांचे पत्ते व दूरध्वनीचे क्रमांक हें सर्व त्याच्या पोटांत असतें. पुष्कळ शाळांतून हें यंत्र बरेंच जुनें असतें. पैशाच्या अडचणीमुळें तें बदलणें लांबणीवर पडतें, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामांत वरचेवर दोष सांपडतात, व ते बुजविण्यासाठीं त्यांचे कर्ते दुरुस्त्या पाठवितात. संगणकाच्या धंद्यांतील लोक यांस सिक्युरिटी अपडेट किंवा पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. जुन्या सर्व्हरवर यांपैकीं कोणतीं ठिगळें आधीं लावावीं, हा प्रश्न वरकरणी कारकुनाचा वाटतो. पण ज्या ज्या घरांतील मूल शाळेंत जातें त्या प्रत्येक घराशीं त्याचा संबंध पोहोंचतो.

याविषयीं लोकांत दोन पक्ष आढळतात. पहिल्याचें म्हणणें असें कीं, चालत्या गाड्यास खीळ कशास घालावी? या भीतीस अगदींच आधार नाहीं असें नव्हे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष अपडेटमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज संगणक एकाएकीं बंद पडले, आणि आपल्या देशांतहि कित्येक प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानांत चढावें लागलें. दुसरा पक्ष म्हणतो, येईल तें ठिगळ आल्या दिवशींच लावून मोकळें व्हावें. याचा दाखला अधिक जड आहे. मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजीं विंडोजमधील एक दोष बुजविणारा पॅच काढला होता. १२ मे रोजीं, म्हणजे ५९ दिवसांनीं, वॉनाक्राय नांवाचा उपद्रवी प्रोग्राम त्याच दोषाच्या वाटेनें जगभर पसरला. तो लोकांच्या फायली कुलूपबंद करी व किल्लीसाठीं खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टांपैकीं निदान एक तृतीयांशांच्या कामांत व्यत्यय आला. रोग्यांच्या ठरलेल्या हजारों तपासण्या, व कांहींच्या शस्त्रक्रियाहि, रद्द झाल्या. पॅच तर दोन महिने हाताशीं होता.

तथापि आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. वॉनाक्राय ज्या वाटेनें शिरला ती वाट म्हणजे फायली एकमेकांस देण्याची विंडोजची एक फार जुनी पद्धत होती, आणि बहुतेकांस तिची गरजहि उरलेली नव्हती. ज्यांनीं ती आधींच बंद करून ठेविली होती, त्यांच्या यंत्रांत शिरण्यास त्यास ती वाट सांपडली नाहीं. म्हणून ठिगळांची निवड करण्यापूर्वीं आपल्या सर्व्हरवर काय काय चालतें याची यादी केली पाहिजे. जुन्या यंत्रावर कोणीं एकेकाळीं बसविलेले, व आतां कोणास आठवतहि नसलेले, प्रोग्राम बरेच निघतात. जें लागत नाहीं तें काढून टाकावें. नसलेल्या दारास कुलूप लागत नाहीं.

ही यादी नसली म्हणजे मनुष्य कसा फसतो याचें उत्तम उदाहरण एप्रिल २०१४ मधील आहे. संकेतस्थळांशीं होणारें बोलणें गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रामांत हार्टब्लीड नांवाचा दोष उघडकीस आला, व जगभर धांवपळ उडाली. तो दोष १.०.१ या मालिकेंत होता. त्याहून जुन्या ०.९.८ या मालिकेंत तो नव्हताच. म्हणजे ज्याचा सर्व्हर अगदींच जुनाट, त्यास त्या दिवशीं या ठिगळाचें कारण नव्हतें. (यावरून जुनें तेंच सुरक्षित असा अर्थ कोणीं काढूं नये, त्या मालिकेचे स्वतःचे दोष निराळे होते.) मूळ कर्त्यांनीं दुरुस्त केलेली आवृत्ति १.०.१जी ही होती. परंतु डेबियन व रेड हॅट या लिनक्सच्या वितरकांनीं आपल्याकडील १.०.१ई हीच आवृत्ति ठेवून तिच्यांत दुरुस्ती घातली. तेव्हां नुसता आंकडा पाहणाऱ्यानें बऱ्या झालेल्या यंत्रासहि रोगी ठरविलें असतें. याच प्रकरणांतील आणखी एक बारकावा असा कीं, ठिगळ लावलें तरी चालू असलेला प्रोग्राम बंद करून पुन्हां सुरू करीपर्यंत तो स्मृतींत घेतलेली जुनीच प्रत वापरीत राहतो. ‘अपडेट केलें आहे’ असें सांगणाऱ्यास ‘रीस्टार्ट केलें काय?’ हें विचारलेंच पाहिजे.

आतां क्रमाविषयीं. प्रत्येक दोषाच्या गंभीरपणास ० ते १० पर्यंत गुण देण्याची रीत आहे, व पुष्कळ लोक त्या गुणांच्या उतरत्या क्रमानेंच ठिगळें लावतात. हें आम्हांस पसंत नाहीं. तो आंकडा दोषाविषयीं असतो, आपल्या यंत्राविषयीं नसतो. ज्या सर्व्हरास छापण्याचें यंत्रच जोडलेलें नाहीं, त्यावर छपाईच्या प्रोग्रामांतील नऊ गुणांचा दोष तो प्रोग्राम बंद करून संपतो. उलट पालक ज्या पानावरून निकाल पाहतात त्या पानामागच्या प्रोग्रामांतील सहा गुणांचा दोष आजच बुजविला पाहिजे, कारण तें दार सर्व जगास उघडें आहे. चोर ज्या दोषांचा प्रत्यक्ष उपयोग करीत आहेत त्यांची यादी अमेरिकेची सीसा ही सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रसिद्ध करीत आली आहे, आणि आपल्याकडे सर्ट-इन ही संस्था इशारे काढते. या दोहोंवर नजर ठेवणें फुकट आहे.

राहिली मोडतोडीची भीति. फीचा जुना प्रोग्राम नव्या ठिगळानें बंद पडेल, ही कारकुनाची शंका खरी असूं शकते. तिला उपाय बॅकअपचा. आणि बॅकअप म्हणजे नुसती प्रत नव्हे, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेली प्रत. त्या दुसऱ्या संगणकावर ठिगळ आधीं लावून फीची एक पावती काढून पाहावी. आंतल्या बाजूचीं ठिगळें दिवाळीच्या सुटीपर्यंत थांबलीं तरी बहुधा चालेल; बाहेरच्या दाराचें परीक्षेच्या आठवड्यांतहि थांबूं नये.

पण कांहीं यंत्रांच्या बाबतींत निवडीचा प्रश्नच उरत नाहीं. विंडोज सर्व्हर २०१२ च्या नेहमींच्या दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ रोजीं संपल्या, सेंटओएस ७ च्या ३० जून २०२४ रोजीं. वॉनाक्रायच्या दुसऱ्या दिवशीं मायक्रोसॉफ्टनें मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसहि पॅच दिला हें खरें, परंतु तो अपवाद होता. अशा यंत्रावर अपडेट येत नाहीं याचा अर्थ तें निर्दोष झालें असा नव्हे. सांपडलेले दोष कोणी बुजवीत नाहीं, इतकाच. त्यास इंटरनेटपासून तोडून कचेरीपुरतें ठेवावें, आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेंत बांकांचा व पंख्यांचा खर्च मांडतात त्याच कागदावर नव्या सर्व्हरचा खर्चहि मांडावा.