लांब संध्याकाळींच्या देशातले शब्द

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथले लोक जूनमधल्या रात्रीला ‘सिमर डिम’ म्हणतात. सिमर म्हणजे त्यांच्या बोलीतला उन्हाळा आणि डिम म्हणजे मंद उजेड. ही बेटं साधारण 60 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. ऐन जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो, पण मध्यरात्रीही क्षितिजाखाली जेमतेम साडेसहा अंश उतरतो. पुरता काळोख व्हायला तो 18 अंश खाली जावा लागतो. तेव्हा तिथे रात्रभर संध्याकाळच असते.

इंग्रजीतले अंधारून येण्याचे शब्द मला फार आवडतात. डस्क, ट्वायलाइट, ग्लोमिंग. आपल्याकडे वर्गात तिन्हींपुढेही ‘संधिप्रकाश’ लिहितात आणि धडा पुढे सरकतो. खरं तर डस्कच्या मुळाशी सावळेपण आहे. जुन्या इंग्रजीत तो काळपट रंगाचा शब्द होता. ग्लोमिंगही जुनाच, पण तो जपला स्कॉटलंडच्या बोलीनं, आणि तिथल्या लेखक-कवींमुळे तो सगळ्या इंग्रजीत पोचला.

खगोलशास्त्रानं या वेळेचे तीन भाग केले आहेत. सूर्य 6 अंश खाली जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश. तोवर दिव्यावाचून बाहेरची कामं उरकतात. 12 अंशांपर्यंत नाविक. त्यात ठळक तारे दिसू लागतात आणि समुद्राचं क्षितिजही पुसलेलं नसतं, म्हणून खलाशांना ताऱ्यांची उंची मोजून आपलं ठिकाण काढता येई. उरलेला, 18 अंशांपर्यंतचा, खगोलीय.

मुंबईत सूर्य जवळजवळ उभाच खाली उतरतो. मार्चमध्ये सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत यातला पहिला भाग संपतो आणि सव्वा तासात सगळं आटोपतं. त्याच दिवशी लंडनला पावणेदोन तासांहून जास्त लागतात, आणि जूनच्या अखेरीस तर तिथेही पुरता काळोख होतच नाही. एवढा वेळ उजेड रेंगाळत असेल, तर त्याला इतकी नावं पडणारच.

आपली दिवेलागण वेगळी. गुरं गोठ्यात यायची, पोरं घरात घ्यायची, देवापाशी दिवा लावायचा. तिन्हीसांजा या शब्दातच लगबग आहे. म्हणून स्कॉटलंडमधल्या कथेच्या अनुवादात ग्लोमिंगच्या जागी ‘तिन्हीसांजा’ वाचलं की मला खटकतं. तिथलं माणूस त्या उजेडात निवांत दूरवर फिरून येतं. अनुवादकानं तिथे एक वाक्य जास्त खर्चावं, हा वेळ लांबणारा आहे हे सांगावं. वाचक कुरकुरणार नाही.

आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी कवितेत डस्क आला, तर भूगोलाच्या खोलीतला पृथ्वीगोल वर्गात मागवून घ्या. मुंबईचा 19 वा अक्षांश आणि शेटलंडचा 60 वा मुलांना बोट ठेवून पाहू द्या.