फळ्यापलीकडे : गणवेशातला चोर

मुलांनो, या खेपेची गोष्ट आमच्या नांदुऱ्याच्या वर्गातलीच आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीतला एक मुलगा पुष्कळ महिन्यांनी शाळेत आला. डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीखाली एकही केस नाही. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता. आईवडील त्याला घेऊन रेल्वेने मुंबईला खेपा घालत होते. औषधं लागू पडली आणि डॉक्टरांनी शाळेत जायला परवानगी दिली. मी त्याला हौसेने पहिल्या बाकावर बसवलं, तर शेजारची मुलगी दप्तर उचलून मागे निघाली.

"बाई, मी नाही बसत. त्याचा कॅन्सर मले लागन."

मी रागावणारच होते. पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यात तिचा काय दोष? म्हणून पालकहो, हे तुम्हीही वाचा. शेजारी बसल्याने, हात धरल्याने किंवा एका डब्यात जेवल्याने कॅन्सर लागत नाही. उलट त्या मुलालाच आपल्या सर्दी-पडशापासून जपावं लागतं, कारण औषधांमुळे त्याची प्रतिकारशक्ती उणी झालेली असते.

मग कॅन्सर येतो कुठून? बाहेरून नाही, आतूनच. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. त्यातली एखादी बिघडते आणि थांबायचं विसरून वाढतच सुटते. रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी फिरत असतात. परका जंतू दिसला की ते त्याच्यावर तुटून पडतात. पण कॅन्सरची पेशी पडली घरचीच! आपल्याच शाळेचा गणवेश घातलेला चोर म्हणा ना. पहारेकऱ्याला तो चटकन ओळखू येत नाही. त्याला ओळखायला आणि लढायला मदत करायची, या उपचाराला इम्युनोथेरपी म्हणतात.

यातले पुष्कळ पहिले धडे मेलॅनोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरवर गिरवले गेले. कातडीला रंग देणाऱ्या पेशी बिघडल्या की तो होतो. गोऱ्या लोकांत तो जास्त दिसतो, आपल्याकडे बराच कमी. आपला सावळा रंग उन्हात छत्रीचं काम करतो. (कुणी 'काळी' म्हणून चिडवलं तर त्याला हे जरूर ऐकवा.)

आता राहुल पुरवार यांची गोष्ट. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये त्यांनी पीएच.डी. केली. मी डी.एड. झाले तेव्हा मला वाटलं, संपलं शिक्षण. पीएच.डी. म्हणजे तर शेवटची पायरी! पण संशोधक त्यानंतरही काही वर्षं दुसऱ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करतो. त्याला 'पोस्टडॉक' म्हणतात. या उमेदवारीला परीक्षा नाही, पदवी नाही, नोकरीची खात्रीही नाही. पुरवार अमेरिकेत बोस्टनला गेले आणि थॉमस कुपर यांच्या प्रयोगशाळेत मेलॅनोमावर काम करू लागले.

हे काम असतं कसं? तुमची आई दह्याला विरजण लावते, दूध कोमट हवं, भांडं स्वच्छ हवं, हे पाहते. प्रयोगशाळेतल्या पेशी याहून नखरेल. त्यांना बरोबर 37 अंशांची ऊब लागते, दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य लागतं, मग त्या दिवशी दिवाळी असो की रविवार. जराशी बुरशी शिरली तर सगळं फेकायचं आणि पहिल्यापासून सुरू. आणि जे जे घडलं ते वहीत लिहायचं, फसलेलंसुद्धा. (आमच्या वर्गात चुकलेलं पान फाडणारे पुष्कळ आहेत!)

बोस्टनमध्ये दिसलं ते असं. एका खास जातीच्या उंदरांत मेलॅनोमाची गाठ फारच सावकाश वाढत होती. का? त्यांच्या टी-पेशी आयएल-9 नावाचं एक रसायन भरपूर तयार करत होत्या. ते रसायन अडवलं, तर गाठ वाढू लागली. 2012 साली हा शोध 'नेचर मेडिसिन' या मासिकात छापून आला.

पुढच्याच वर्षी पुरवार पवईच्या आयआयटीत शिकवायला आले. इथे मात्र त्यांनी हाती घेतला रक्ताचा कॅन्सर. शत्रू बदलला, पहारेकरी तेच. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, त्यांच्यात एक नवा जनुक घालायचा म्हणजे त्यांना चोराची खूण पटते, मग त्या वाढवून परत रुग्णाच्या शरीरात सोडायच्या. याला 'कार-टी' म्हणतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर 2021 पासून रुग्णांवर चाचण्या झाल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारची परवानगी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत हा उपचार देशापुढे आला. परदेशात याला तीन-चार कोटी रुपये लागत, इथे तीस-चाळीस लाखांच्या आसपास. आमच्याकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याला हेही झेपणारं नाही, हे खरंच. शिवाय परवानगी मिळाली ती 15 वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी, तीही ज्यांचा विशिष्ट प्रकारचा कॅन्सर औषधांनी हटला नाही किंवा उलटला त्यांच्यासाठी. आमच्या टोपीवाल्याला त्याची गरज पडली नाही. तो नेहमीच्या औषधांवर सुधारला, आणि पुष्कळ मुलं तशी बरी होतात.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर चित्रं काढून सांगितलं. मागे गेलेली मुलगी केव्हा पुढे येऊन बसली, ते मला कळलं नाही. टोपीवाल्याने हात वर केला.

"बाई, त्या उंदरांचं मंग काय झालं?"

खरं सांगावं की नाही, क्षणभर सुचेना. मग सांगितलं, "बाळा, त्यांचा जीव जातो. म्हणून हे प्रयोग उगीच करायचे नसतात, त्यांना कडक नियम आहेत."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली. त्या मुलीने डबा उघडला आणि विचारलं, "तुले भाकर चालते का रे?"