अळंबी : औषध की नशा?

एका वाचक भगिनीने पत्रातून विचारलं आहे. त्यांच्या शौहरांना वर्षातून एकदा, पाच-सहा आठवडे, रोज मध्यरात्री एका डोळ्यामागे असह्य दुखतं. निदान झालंय 'क्लस्टर हेडेक'. परदेशातले नातेवाईक म्हणतात, एका खास जातीची अळंबी अगदी थोडी घ्या, त्रास थांबेल. हे औषध आहे की नशा?

मी डॉक्टर नाही, मुफ्तीही नाही. शिक्षकी पेशा असल्यामुळे वाचलेलं सोपं करून सांगण्याची सवय आहे, तेवढ्याच हक्काने लिहितो.

आपल्या घरांत अर्ध्या डोक्याच्या प्रत्येक दुखण्याला अर्धशिशी किंवा आधासीसी म्हणतात. हा आजार वेगळा आहे. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, तर क्लस्टरच्या रुग्णाला एका जागी बसवत नाही. तो येरझाऱ्या घालतो, डोकं दाबून धरतो. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी वाहतं, नाक चोंदतं, पापणी उतरते. झटका 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत टिकतो आणि दिवसात आठ वेळाही येऊ शकतो. साधारण हजारात एकाला हा आजार होतो. अनेकांची वर्षं सायनस, दात आणि चष्म्याचा नंबर तपासण्यातच जातात.

आता अळंबीबद्दल. बाजारात भाजीसाठी मिळते ती ही नव्हे. काही रानटी जातींमध्ये सिलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी ते 1958 मध्ये वेगळं काढलं. त्याने भास होतात, काळ-वेळेचं भान सुटतं. दुखण्याने हैराण झालेल्या काही रुग्णांनी ते स्वतःच घेऊन पाहिलं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा 53 रुग्णांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. झटका आल्यावर सिलोसायबिन घेणाऱ्या 26 पैकी 22 जणांनी झटका थांबल्याचं सांगितलं. पण ही रुग्णांनी सांगितलेली हकीकत होती, डॉक्टरांनी समोर बसून घेतलेली चाचणी नव्हे.

तशी चाचणी पुढे येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी घेतली. 2022 मध्ये तिचा निष्कर्ष आला. रुग्ण फक्त 14. काहींना सिलोसायबिन, काहींना औषध नसलेली गोळी. सिलोसायबिन घेणाऱ्यांचे झटके कमी झालेले दिसले, पण हा योगायोग नाही असं म्हणण्याइतका फरक भरला नाही. नंतर त्यांतल्या दहा जणांना पुन्हा तेच औषध दिलं, तेव्हा झटके जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे आशेला जागा आहे, खात्रीला नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. 'मायक्रोडोस' म्हणजे भास होणार नाहीत इतकी बारीक मात्रा, पूर्ण मात्रेच्या साधारण दहावा हिस्सा. येलमध्ये दिलेली मात्रा 70 किलो वजनाला 10 मिलिग्रॅम होती, म्हणजे त्याहून बरीच मोठी. तीही पाच-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा, डॉक्टरांच्या नजरेखाली. रोज चिमूटभर घेऊन बरं वाटतं, हे या चाचणीने सिद्ध केलेलं नाही. वाळवलेल्या अळंबीत द्रव्य किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि रानातली चुकीची अळंबी जीवही घेते. शिवाय याच आजारावर काहींना लिथियम दिलं जातं. लिथियम चालू असताना सिलोसायबिन घेतल्यास फिट येण्याचा धोका असतो. रक्ताच्या नात्यात कुणाला गंभीर मानसिक आजार असेल, तर धोका आणखी वाढतो.

कायद्याचंही ऐका. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत सिलोसायबिन आहे. नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेलं पार्सल घरातल्या कर्त्या माणसाला तुरुंगात नेऊ शकतं.

राहिला दीनचा प्रश्न. फतवा मुफ्तीसाहेबांकडूनच घ्यावा. पण जरूरतीच्या नावाने मनाई असलेली गोष्ट घ्यायची, तर हलाल इलाज शिल्लक नसावा, ही उलेमांची अट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आणि या आजारावर इलाज शिल्लक आहेत.

पहिला इलाज शुद्ध ऑक्सिजन. 2009 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, झटका सुरू होताच मिनिटाला 12 लिटर ऑक्सिजन 15 मिनिटं मास्कने दिला, तेव्हा 78 टक्के झटक्यांत वेदना गेली किंवा पुरेशी उतरली. साध्या हवेने 20 टक्के. कोविडमध्ये अनेकांनी घेतलेलं 5 लिटरचं कॉन्सन्ट्रेटर इथे पुरत नाही. सिलिंडर आणि पिशवीचा मास्क लागतो. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावा आणि जवळ चूल, उदबत्ती, विडी-सिगारेट मुळीच नको. दुसरा इलाज सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, मात्र हृदयविकार असणाऱ्यांना ते चालत नाही. झटक्यांचा हंगाम आवरण्यासाठी व्हेरापामिल देतात, त्यासाठी अधूनमधून ईसीजी काढावा लागतो.

म्हणून भगिनी, शौहरांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. झटक्याची तारीख, वेळ, किती मिनिटं आणि कोणती बाजू, हे वहीत लिहून सोबत ठेवा. ऑक्सिजनबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा. नातेवाइकांना रागावू नका, त्यांनी काळजीपोटीच सुचवलं आहे. आणि "एवढ्या डोकेदुखीने मर्द माणूस रडतो का?" असं घरात कुणालाही बोलू देऊ नका. या वेदनेत माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. तशी भाषा ऐकू आली तर त्यांना एकटं सोडू नका. डॉक्टरांना कळवा, किंवा सरकारच्या टेलीमानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा.

अल्लाह त्यांना लवकर शिफा देवो. आमीन.