घसरणीचे शिक्षण

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या शिवारातून डांबरी रस्त्यावर येणारा प्रत्येक ट्रॅक्टर चाकांबरोबर थोडे शेतही घेऊन येतो. कापसाची ही काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी पिताच फुगते, आणि डांबरावर तिचा पातळ थर बसला म्हणजे साबणासारखी निसरडी होते. यवतमाळला माल उतरवून रिकामी परतणारी एखादी मालगाडी अशा थरावरून वळणावर येते. चालक वेग कमी करण्यासाठी गिअर उतरवतो, क्लच झटक्याने सोडतो, आणि गाडीची मागची बाजू त्याला न विचारता रस्त्याबाहेर निघू लागते. पुढच्या एक-दोन सेकंदांत हातापायांनी काय करावयाचे, हे त्याला कोणीही शिकविलेले नसते.

हीच घसरण जगात अन्यत्र कलेच्या पदवीला पोहोचली आहे. जपानमध्ये १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवून गाडी आडवी काढण्याची रीत रूढ केली. केइइची त्सुचिया याने ती घाटरस्त्यांवर घोटून लोकप्रिय केली. ‘ड्रिफ्टिंग’ या नावाने आज तिच्या रीतसर स्पर्धा भरतात, आणि तिची चित्रे मोबाईलच्या पडद्यावरून बोरी अरबच्या महाविद्यालयीन मुलापर्यंतही पोहोचली आहेत. त्याला त्या धुराचे व कर्कश आवाजाचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. नवल हे, की ज्याच्या पोटापाण्याचा या विद्येशी खरा संबंध आहे, त्या चालकाला तिचे पहिले अक्षरही ठाऊक नसते.

हे पहिले अक्षर फारसे अवघड नाही. टायरची रस्त्यावरील पकड ही महिन्याच्या पगारासारखी मोजकी असते. ती ब्रेकवर खर्च झाली, की वळण्यासाठी उरत नाही. इंजिनाच्या ओढीवर खर्च झाली, तरी तेच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचा सारा जोर, आणि गिअर उतरवताना इंजिनाचा सारा अवरोधही, मागच्याच टायरांवर पडतो. त्यातून गाडी रिकामी असली म्हणजे त्या टायरांवर वजनही नसते. मागचा भाग डावीकडे सरकला, तर स्टिअरिंगही डावीकडेच वळवावे, क्लच दाबावा, ब्रेकवर उभे राहू नये, आणि नजर खड्ड्याकडे न ठेवता जिकडे जावयाचे तिकडे ठेवावी. वाचावयास हे चार शब्दांचे काम आहे. परंतु घाबरलेल्या माणसाचा पाय ब्रेककडेच जातो, आणि हाताला सवय नसेल तर डोक्यातील ज्ञान त्या वेळी उपयोगी पडत नाही.

शहरातील मोटारमालकाला या चर्चेचे महत्त्व चटकन पटणार नाही. त्यालाही कारण आहे. १९८३ साली मारुती आली, आणि तेव्हापासून घरगुती मोटारी हळूहळू पुढच्या चाकांवर चालू लागल्या. मागून ढकलली जाणारी ॲम्बॅसॅडर २०१४ मध्ये बंद झाली. तथापि एस.टी.ची बस, प्रवासी वाहणारी बोलेरो, ‘छोटा हत्ती’ आणि मालवाहू पिकअप ही गावाची वाहने आजही मागच्याच चाकांवर चालतात. ज्या रस्त्यावर चिखल अधिक, त्याच रस्त्यावर मागून घसरणारी वाहने अधिक, अशी ही वाटणी आहे.

आता शिक्षणाकडे पाहावे. २०२१ साली केंद्र शासनाने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम ठरला. त्यांपैकी २१ तास प्रत्यक्ष चालविण्याचे. ग्रामीण रस्ता, महामार्ग, चढ-उतार, मागे घेणे, गाडी लावणे हे सारे त्यात येते. घसरलेली गाडी सावरणे हा स्वतंत्र विषय म्हणून त्यात नाही. साध्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलकडून तर ती अपेक्षाच करणे व्यर्थ.

मात्र येथे घाई करून चालणार नाही. नॉर्वेने १९७९ साली नव्या चालकांना निसरड्या रस्त्याचे शिक्षण सक्तीचे केले, आणि पुढील पाहणीत तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले. स्वीडनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सावरण्याचे कौशल्य शिकविलेला गट स्वतःला अधिक निष्णात समजू लागला. परीक्षेत मात्र तो दुसऱ्या गटाहून सरस ठरला नाही. म्हणजे घसरण जिंकल्याचा भ्रम हा घसरणीहूनही घातक. हा आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु तो विद्येविरुद्ध नसून ती शिकविण्याच्या हेतूविरुद्ध आहे. त्या प्रयोगातील दुसऱ्या गटाला उलट आपल्या मर्यादाच दाखविल्या गेल्या होत्या. ताशी तीस किलोमीटरलाही ओल्या जागेवर गाडी हाताबाहेर जाते, हे ज्याने एकदा स्वतःच्या हातांनी अनुभवले, तो पुढच्या वळणाआधीच पाय उचलतो. शिकवावयाचे आहे ते हे.

त्यासाठी शर्यतीचा मार्ग बांधण्याची गरज नाही. मोकळे, सपाट, कठडे नसलेले मैदान, पाण्याचा एक टँकर, झिजलेल्या टायरांची एक जुनी पिकअप आणि शेजारी बसणारा जाणता शिक्षक एवढ्यावर भागते. गाडी एकदा रिकामी व एकदा भरलेली चालवून दाखवावी. फरक चालकाच्या पाठीलाच कळेल. हौशी मुलांनाही तेथेच येऊ द्यावे. सार्वजनिक रस्त्यावर गाडी आडवी फिरविणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८४व्या कलमाखाली धोकादायक चालविण्याचा गुन्हा ठरतो, हे त्यांना सांगून पाहावे. पण केवळ सांगून ती ऐकतील असे समजणे भाबडेपणाचे होईल.

अडचण पैशाची नाही, दिवसाची आहे. बोरी अरबचा भाड्याने गाडी चालविणारा माणूस यवतमाळला एक दिवस शिकावयास गेला, तर त्या दिवसाचा रोज त्याला कोण देणार? विम्याच्या कंपन्या, गाडीचे मालक आणि परिवहन खाते यांच्यापैकी कोणीतरी हा प्रश्न पावसाळ्यापूर्वी सोडविला पाहिजे. आणि तोवर ट्रॅक्टरवाल्यांनी रस्त्यावर चढण्याआधी चाकांचा चिखल खरवडून काढला, तरी पुष्कळ होईल.