आधी ऊन, मग घास

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कुत्र्या-मांजरांच्या जोडीला आता ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगनही पाळला जाऊ लागला आहे. गळ्याखालची काटेरी दाढी फुगवणारा हा सरडा स्वभावाने शांत असतो, दिवसा जागा असतो आणि माणसाला लवकर सरावतो. त्यामुळे हौशी लोकांना आणि मुलांना त्याचे आकर्षण वाटते. पिल्लू घरी येते तेव्हा वीतभरही नसते. नीट वाढले तर वर्ष-दीड वर्षात ते दीड-दोन फुटांचे होते आणि पुढे दहा वर्षे जगू शकते. पण पहिल्या काही आठवड्यांतच अनेक पिल्ले खाणे सोडतात. अशा वेळी घरचे लोक खाणे बदलून पाहतात. आज रातकिडे, उद्या अळ्या, परवा फळाची फोड, आणि काहीच चालले नाही तर तोंड उघडून घास भरवणे. हा सगळा खटाटोप प्रेमापोटीच होत असला तरी त्याची दिशा चुकलेली असते. न खाणाऱ्या पिल्लाची अडचण बहुतेक वेळा ताटात नसते, ती त्याच्या पेटीतल्या उष्णतेत आणि उजेडात असते. म्हणून ही पिल्ले विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी एक क्रम पक्का मानला पाहिजे: आधी ऊन, मग घास.

यामागचे कारण या प्राण्याच्या शरीरातच आहे. बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, निमओसाड प्रदेशातला. तिथे तो सकाळी दगडावर किंवा ओंडक्यावर ऊन खात बसतो, अंग पुरेसे तापले की भक्ष्य शोधतो आणि फार तापले की सावलीला जातो. सस्तन प्राण्यांसारखी शरीरात उष्णता निर्माण करण्याची सोय त्याच्याकडे नाही. भूक लागणे, चपळाईने किडा पकडणे आणि तो पचवणे ही तिन्ही कामे बाहेरून मिळालेल्या उष्णतेवर चालतात. म्हणून पेटीच्या एका टोकाला, दिव्याखालच्या बसायच्या जागी, सुमारे 38 ते 42 अंश सेल्सियस तापमान लागते, आणि दुसरे टोक 25-28 अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागते, म्हणजे अंगाला मानवेल ती जागा पिल्लू स्वतः निवडते. सगळी पेटी सारखीच तापवणे हेही चूकच, कारण मग उष्णतेपासून सुटका उरत नाही. पेटी थंड असेल तर पिल्लू सुस्त होते आणि खात नाही. अशा स्थितीत बळजबरीने भरवलेले अन्न पोटात न पचता पडून राहते आणि श्वासनलिकेत गेले तर जिवावरही बेतते. थंड अंगाच्या पिल्लाने अन्न नाकारणे हा त्याचा हट्ट नव्हे, शरीराने दिलेला तो योग्य इशारा आहे.

उष्णतेइतकीच महत्त्वाची, पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे अतिनील-बी किरणे. सूर्यप्रकाशातली ही किरणे त्वचेवर पडली की ड जीवनसत्त्व तयार होण्यास सुरुवात होते आणि ते पूर्ण होण्यासाठी पुन्हा अंगाची ऊबच लागते. हे जीवनसत्त्व नसेल तर अन्नातले कॅल्शियम शरीरात पुरेसे शोषले जात नाही. पिल्लाची हाडे झपाट्याने वाढत असतात, त्यामुळे ही उणीव त्याला सर्वांत आधी भोवते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात आणि मऊ जबड्याने किडा चावता येत नाही म्हणून पिल्लू आणखी कमी खाते. यावर ड जीवनसत्त्वाची भुकटी किंवा थेंब दिले की झाले, असे अनेकांना वाटते. मात्र नेदरलँड्समधील संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर केलेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अतिनील-बी प्रकाशात वाढलेल्या पिल्लांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी तोंडावाटे दिलेल्या मात्रेने गाठता आली नाही. शिवाय भुकटीची मात्रा जास्त झाली तर अपाय होतो, त्वचेत तयार होणाऱ्या जीवनसत्त्वावर मात्र शरीराचेच नियंत्रण असते. भुकटीला पूरक म्हणून जागा आहे, दिव्याची जागा ती घेऊ शकत नाही.

ही व्यवस्था झाली की मग आहाराचा विचार. पिल्लाच्या आहारात किडे जास्त आणि पाला कमी असतो, मोठेपणी हे प्रमाण उलटते. लहान पिल्लाला दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत ते खाईल तेवढे किडे द्यावेत. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असते, म्हणून देण्यापूर्वी त्यांना कॅल्शियमची भुकटी लावावी आणि आदल्या दिवशी त्यांनाही चांगला पाला खाऊ घालावा. न खाल्लेले किडे रात्री पेटीत सोडू नयेत, ते झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात. पाल्यासाठी आपल्या बाजारात उत्तम सोय आहे. शेवग्याच्या पानांत कॅल्शियम चांगले असते, लाल भोपळा बारीक किसून देता येतो. पालक मात्र रोज देऊ नये, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. घरातली झुरळे आणि बागेतले किडे टाळावेत, त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकते. काजवा तर कधीच देऊ नये. अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या घटना शास्त्रीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत काजव्यांचा बहर असतो, तेव्हा ही गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा येतो की महाराष्ट्रात एवढा उकाडा असताना दिव्यांचे काय काम? खोलीतले 32 अंश आपल्याला असह्य वाटतात, पण चाळिशीच्या आसपास तापलेल्या जागी बसून अन्न पचवणाऱ्या प्राण्याला ते अपुरेच असतात. शिवाय जून ते सप्टेंबर ऊन दुर्मीळ होते आणि कोकणपट्टीतली दमट हवा कोरड्या प्रदेशातल्या या सरड्याला मानवत नाही. म्हणजे दिव्याची खरी कसोटी आपल्याकडे पावसाळ्यातच लागते. दुसरा आक्षेप खिडकीतल्या उन्हाचा. खिडकीची काच उजेड आत येऊ देते आणि अतिनील-बी किरणे जवळजवळ सगळी अडवते, त्यामुळे काचेआडच्या उन्हाने हाडे बळकट होत नाहीत. उघड्यावरचे कोवळे ऊन सर्वोत्तमच. मात्र त्यासाठी जाळीचा पिंजरा, त्यात सावलीचा कोपरा आणि माणसाची सतत नजर हवी. काचेची पेटी उन्हात ठेवली तर काही मिनिटांत ती जीवघेणी तापते. तिसरा आक्षेप खर्चाचा. अतिनील-बी नळी पेटत राहिली तरी तिची किरणे हळूहळू घटतात आणि ती साधारण सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते. हा खर्च खरा आहे, म्हणूनच तो पिल्लू घेण्यापूर्वी मोजला पाहिजे. नंतर वाकलेल्या हाडांवर उपचार करणे याहून महाग पडते, आणि वाकलेले हाड पुन्हा सरळ होईलच असे नाही.

प्रत्येक उपाशी पिल्लामागे दिवाच कारण असतो असा माझा दावा नाही. घर बदलल्यावर काही दिवस भूक मंदावणे स्वाभाविक आहे. आतड्यातले परजीवी हेही नेहमीचे कारण आहे आणि त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून विष्ठेची तपासणी करून घ्यावी लागते. दोन पिल्ले एका पेटीत ठेवली तर मोठे लहान्याला दबवते, त्याच्या वाटचे खाते, कधी बोटे नि शेपटीही चावते. पण यांतली कोणतीही शंका तपासण्यापूर्वी दिव्याखालच्या जागेचे तापमान थर्मामीटरने मोजणे हे मिनिटाभराचे काम आहे. त्याच्या जोडीला दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. ‘बरे दिसते’ या अंदाजापेक्षा ग्रॅममधला आकडा जास्त प्रामाणिक असतो, आणि वजन थांबले की घटायला लागण्याआधीच पशुवैद्याकडे जाता येते.

असा परदेशी प्राणी मुळात पाळावाच का, हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. ज्याला एवढी काळजी घेणे जमणार नाही त्याने पाळू नये, हेच त्याचे सरळ उत्तर आहे. कायद्याची बाजूही तपासलीच पाहिजे. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात परदेशी प्रजातींविषयीच्या तरतुदी आल्या आहेत, त्यामुळे कागदपत्रांशिवाय कोणताही प्राणी विकत घेऊ नये. पण जी पिल्ले आज घराघरांत आली आहेत त्यांना आक्षेपाने पोट भरता येत नाही. 2018 च्या नियमांनुसार प्राणिविक्रीच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. या व्यवस्थेतच आणखी एक अट घालावी: सरपटणारा प्राणी विकताना त्याला लागणारे तापमान, प्रकाश आणि आहार यांची मराठीत छापलेली माहिती ग्राहकाच्या हाती दिल्याशिवाय विक्री होऊ नये. आणि घेणाऱ्याने त्या कागदाचीही वाट पाहू नये. पेटी, दिवा, अतिनील-बी नळी आणि थर्मामीटर आधी घरी आणा, दोन-तीन दिवस चालवून तापमान स्थिर राहते का ते पाहा, आणि मगच पिल्लू आणा.