तक्रार पोहोचते का?

फसव्या ई-मेल हल्ली घरोघरी येतात. त्या ज्या संगणकावरून निघतात, त्याला आयपी क्रमांक असतो. आशिया-पॅसिफिक भागात कोणते क्रमांक कोणाकडे आहेत, याची नोंद ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनची ‘एपनिक’ ही संस्था ठेवते. ही नोंद कुणालाही पाहता येते. तीत गैरवापराच्या तक्रारीसाठी ई-मेलचा पत्ता द्यावाच लागतो. पण ती टपाल पाहणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि पत्ता तोच राहिला, तर तक्रार वाचणार कोण? तोवर आणखी कुणीतरी फसतो! म्हणूनच २०१९ पासून एपनिक दर ६ महिन्यांनी या पत्त्यावर ई-मेल पाठवते. १५ दिवसांत खातरजमा करावी लागते. पत्ता चालू असल्याचे त्यातून कळते. तक्रारीची दखल घेणे मात्र माणसाच्याच हाती!